तट्टूचा गार्ड

८ फेब्रुवारी २०१९, बेळगाव

ही डायरी आण्णांनी दिली. आण्णा म्हणजे आमच्या कारखान्याचे मालक. कारखाना म्हणजे उद्यमबागेतली पत्र्याची शेड, तीन वेल्डिंग मशीन, एक पाईप वाकवायचं मशीन आणि आम्ही पाच माणसं. आण्णा म्हणाले, सुग्रीव, रोज कुठला पाईप कशाला वाकवला ते लिहीत जा, म्हणजे एकच चूक दोनदा होणार नाही. मी म्हटलं, आण्णा, मी सहावीतून मेंढरामागं गेलेला माणूस, माझं अक्षर बघून पाईप आपोआप वाकंल. ते हसले, पण डायरी दिलीच. कव्हरवर जहाजाचं चित्र आहे. धारूरच्या डोंगरातल्या माणसाला जहाज!

आजचं लिहितो. गोव्याहून परत चाललेला एक पुण्याचा गडी आला. गाडी माझ्यासारखीच, उंच, ॲडव्हेंचरवाली. चोर्ला घाटात पडला होता. इंजिनाच्या पुढं जाडजूड गार्ड. गार्डवर ओरखडे, पण वाकला मात्र केसभर नाही. त्यावर थाप मारून म्हणतो, "गार्ड असा पाहिजे!" त्याला फक्त गिअरची दांडी सरळ करून पाहिजे होती, ती मी करून दिली. तो गेल्यावर फरशीवर तेलाचे चार थेंब दिसले. कुठून गळत होतं कुणास ठाऊक. मी तर सगळा वेळ त्या गार्डकडंच बघत होतो.

माझ्या गाडीला गार्ड नाही. अपघातातली गाडी होती, भंगारात निघालेली. वर्षभर रविवारी रविवारी जोडली. आता चालते, आणि कशी चालते! पण इंजिन पुढून उघडं आहे, न्हाव्यापुढं मान द्यावी तसं.

११ फेब्रुवारी

दिवसभर डोक्यात गार्ड. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर फोटो बघत बसलो तर बंकट आला. हा माझा खोलीतला जोडीदार, सिरसाळ्याचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला.

"काय बे सुग्र्या, नवरी बघतूस का काय? येकेक फोटो मोठा करून करून बघायलास."

"गार्ड बघतोय बे."

"गाडी हाय का किल्ला? मंग धारूरचा किल्लाच बांध की तिच्या भवती."

त्याला काय कळतंय. गार्ड तीन तऱ्हेचे आहेत. एक चकचकीत स्टीलचा, धनुष्यासारखा. दिसायला झकास, पण पडल्यावर तोच आधी गुडघे टेकणार. दुसरा पिंजऱ्यासारखा, खालपासून टाकीपर्यंत. त्यात गाडी माझी नसून प्राणिसंग्रहालयाची वाटते. तिसरा आपल्या हातानं करायचा. आमच्या शेडमध्ये ट्रॉलीच्या हुकाला वापरतात तो जाड भिंतीचा पाईप आहे. त्याला हत्ती वाकवू शकत नाही.

मी तिसरा ठरवला. मग परत पहिला ठरवला. मग चहा आला.

१५ फेब्रुवारी

आबाचा फोन आलता. आबा म्हणजे माझा बाप, सिदू. आबा फोनवर ओरडून बोलतो, धारूर ते बेळगाव आवाज आपल्याच ताकदीनं पोचवायचा असल्यासारखा.

"सुग्रीवाऽ! तुजं ते तट्टू किती वझं उचलतंय?"

गाडीला तो तट्टू म्हणतो. मी चिडलो. म्हटलं, आबा, चोवीस घोड्यांची ताकद आहे तिच्यात.

"चोवीस? आन् चारा येकाचाच खाती?"

मग म्हणाला, हरणीचा पाय गेला. हरणी आमची घोडी. आबा दोन वर्षं तिच्यावर तांबडमाळाचं दूध खाली दूधसंस्थेत आणतो. तांबडमाळ ही डोंगरावरची वस्ती. औंदा खाली नुसता फुफाटा आहे, विहिरीत दगड दिसतात, सगळी जनावरं छावणीत दावणीला. पण माळावरचा झिरा अजून जिवंत आहे, म्हणून तिथल्या गाया दूध देतात. संस्थेची जीप त्या वाटेनं एकदाच वर गेली आणि स्प्रिंगचा पाटा मोडून घेऊन आली. तेव्हापासून हरणीच. आता हरणी लंगडते.

"मंग दूध कोण आणतंय?"

"कुणीच न्हाई. सारजाबाई म्हणती, गाया सिरसाळ्याच्या बाजारात नेती. माळाचं दूध बंद झालं तर टँकरवाला बी म्हणतोय, येवढ्याशा दुधाला येत न्हाई." मग म्हणाला, "तू ये असं म्हणत न्हाई मी. नुसतं वझ्याचं इचारलं."

त्याला बिनकामाच्या चौकशा लई.

१७ फेब्रुवारी

परत आबा. गाडीची उंची किती, रुंदी किती, मागं माणूस बसला तर पुढचं चाक उचलतं का. मी सगळं सांगितलं. कावून विचारतोस म्हटलं, तर म्हणाला, सहज. मग म्हणाला, संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव काल सहज भेटले होते. मग म्हणाला, सारजाबाईनं सहज विचारलं, सुग्रीव कधी येणार. आज आबाकडं सगळंच सहज होतं.

रातभर मला झोप आली नाही. मी आजवर चार कामं सोडली. वीटभट्टी, कोल्हापूरचं हॉटेल, कोंबड्यांची शेड, ऊसतोड. इथं तीन वर्षं टिकलो कारण रोज पाईप वेगळा असतो. पण डोंगराची वाट रोज चढायची, उतरायची, आणि ती पण गाडीवर, आणि ते काम म्हणायचं? असं काम जगात आहे हेच मला माहीत नव्हतं.

२३ फेब्रुवारी

मीच विठ्ठलरावांना फोन केला. ते हळू आणि कागदासारखं बोलतात. "हे पाहा, संस्था भावनेवर चालत नाही. आठ दिवस बघू. माळाचं दूध आठही दिवस सकाळी नऊच्या आत संस्थेत पोचलं पाहिजे. पोचलं तर काम कायमचं तुझं. एक दिवस जरी चुकलं तर तू तुझ्या बेळगावला आणि गाया बाजाराला."

मी म्हटलं, मंजूर. फोन ठेवल्यावर शेडला तीन चकरा मारल्या. भीतीनं नाही, आनंदानं. थोडं भीतीनं.

आता गार्डचा प्रश्न सुटला. त्या वाटेला घोडउडी नावाची जागा आहे. दगडाची उंच पायरी, अर्धा माणूस खोल. तिथं चकचकीत धनुष्याचं काम नाही. जाड पाईप! आणि तीन ठिकाणी बोल्ट, त्यातला एक थेट इंजिनाच्या कानात, म्हणजे इंजिनाच्या अंगालाच ओतलेलं बोल्टचं भोक असतं त्यात. हलला नाही पाहिजे.

२८ फेब्रुवारी

गार्ड झाला. काळा रंग दिला. बंकटनं त्यावर उभं राहून उड्या मारल्या. हलत नाही. आण्णा आले, बोटानं वाजवून गेले. म्हणाले, "गिऱ्हाईक असलंच मागतंय. जाड बघितलं की खूश." हे कौतुक होतं का नव्हतं ते कळलं नाही. सुट्टी मात्र दिली. म्हणाले, जमलं तर फोन कर, नाही जमलं तर मशीन इथंच आहे.

४ मार्च, घर

काल पहाटे निघून तिन्हीसांजेला पोचलो. शेवटच्या दोन तासात एक हिरवं पान दिसलं नाही, तरी मी गाणं म्हणत होतो. वाडीत शिरलो तर माय दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी. माझ्यावरून ओवाळला, मग गाडीवरून ओवाळला, मग गार्डला हळद-कुंकू लावलं.

"हे काय रं पुढं? शिंगं?"

"गार्ड, माय. पडलं तर इंजिन वाचतं."

"मंग पडू नगं की."

आबानं गाडीला दोन चकरा मारल्या. चाक दाबलं, सीट दाबलं. मग गार्ड दोन्ही हातांनी धरून सगळ्या ताकदीनं हलवला. हलला नाही. परत हलवला. "बिलकूल हलत न्हाई," म्हणाला आणि हरणीला पाणी दाखवायला निघून गेला. मी लई खूश झालो. आबा सहजासहजी कशाला मजबूत म्हणत नाही.

५ मार्च

पहिला दिवस. साडेपाचला निघून वर गेलो. सारजाबाई कॅन भरून वाटच बघत होती. सत्तरीची बाई, आवाज शाळेच्या घंटेसारखा. "आरं सुग्रीवा, हरणी बरी व्हती, ती रस्त्यात फोनवर बोलत न्हवती." मी कधी बोललो फोनवर? पण तिला आधीच टोमणा मारून ठेवायची सवय आहे, पुढं कामाला येतो म्हणून.

गाडीच्या दोन्ही बाजूला एकेक कॅन, मागं एक आडवा बांधलेला. घोडउडीला पायानं टेकत टेकत उतरलो. संस्थेत पोचलो तेव्हा नवाला पाच कमी.

संस्थेत दूध मोजायला आणि फॅट लावायला सत्यभामा असते. सारजाबाईची नात, बारावी पास. रोज पहाटे डोंगर पायी उतरून येते. मी म्हटलं, गाडीवर ये की. म्हणाली, "आदी दूध आण. माणसं मागनं आण." तोंडाळपणा घराण्याचाच आहे. पण मापं घेताना तिच्या हातून एक थेंब इकडचा तिकडं होत नाही.

७ मार्च

पडलो.

घोडउडीला मागचं चाक सरकलं. गाडी डाव्या कुशीवर गेली, हळू, म्हैस बसावी तशी. एक कॅन सुटून गडगडत गेला, पण झाकण टिकलं. दुधाचा थेंब सांडला नाही. गार्डवर फक्त ओरखडा! मी एकटाच डोंगरात ओरडलो, "वाकला न्हाई!" मग उचलायला गेलो तर खाली तेल. गार्डचा बोल्ट इंजिनाच्या ज्या कानात होता, तो कानच चिरला होता. तिथून तेल झिरपत होतं.

चिंधी बांधली, हळूहळू उतरलो. मोबाईलमध्ये बघितलं तर साडेनऊ. संपलं, म्हटलं. गाया बाजाराला, मी बेळगावला.

संस्थेत शिरलो तर सत्यभामा स्टुलावर उभी राहून भिंतीवरचं घड्याळ फडक्यानं पुसत होती. तिला स्वच्छतेची लई आवड. खाली उतरली, दूध मापलं. वर बघतो तर नवाला दहा कमी! मोबाईल पडताना आपटला होता, त्यामुळंच त्याचा टाइम पुढं गेला असणार. नशीब.

विठ्ठलराव बाहेरून आले. त्यांनी मनगटावर बघितलं, भिंतीवर बघितलं, सत्यभामेकडं बघितलं. मग सदऱ्याची बाही खाली ओढली. म्हणाले, "संस्थेत संस्थेचं घड्याळ खरं."

माणूस कडक आहे, पण नियमाला धरून आहे.

७ मार्च, परत

गाडी अंगणात. कानाची चीर इथं वेल्ड होत नाही, ॲल्युमिनियम आहे. धारूरहून हरिबा वेल्डर येऊन बघून गेला. एमसील भरून देतो म्हणाला, गळणं थांबंल, पण त्या कानाला परत बोल्ट लावलास तर इंजिन हातात येईल.

मी पायरीवर डोकं धरून बसलो. आबा जवळ येऊन बसला. मला वाटलं, आता ऐकवणार.

"हरणीचं खोगीर मी कशानं बांधतू?"

"लोकरीच्या दोरानं."

"घरात साखळी न्हवती व्हय?"

मी खोगिराकडं बघितलं.

"तुज्या आज्यानं येकदा साखळीनं आवळलं. वझं हलू नये म्हून. बालाघाट चढताना घोडी कोसळली. साखळीचं येक कडं वाकलं न्हाई. घोडीच्या बरगड्या मोडल्या." आबानं विडी पेटवली. "मार कुणीतरी खायचाच. दोरानं खाल्ला न्हाई तर जनावर खातं. वझं सांडू दे, दोर तुटू दे. जनावर उठलं पायजे."

"मंग आल्या दिवशी सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं की. हलत न्हाई म्हणलो."

मी रागानं आत आलो. ही डायरी उघडली, आबाबद्दल चार ओळी लिहायच्या म्हणून. पानं उलटली आणि आठ फेब्रुवारी समोर आलं. पुण्याचा गडी, न वाकलेला गार्ड, फरशीवर तेलाचे चार थेंब. माझ्याच अक्षरात. मीच लिहून ठेवलंय आणि मलाच कळलं नाही. आण्णा म्हणाले होते, एकच चूक दोनदा होणार नाही. दुसऱ्याची बघून लिहिली, मग स्वतः केली. दोनदा झालीच.

बाहेर जाऊन आबाला म्हटलं, वाकणारा पाईप पाहिजे. पातळ. कुठं मिळंल?

आबा म्हणाला, "संस्थेच्या जीपवर."

८ मार्च

आजचा दिवस मेल्यावरही आठवंल.

गाडी बंद, मग दूध कसं येणार? आबानं काल संध्याकाळीच वर निरोप दिला होता. पहाटे मी बघतो तर डोंगराच्या वाटेनं रांग. माळावरची सगळी माणसं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागरी आणि कॅन, पुढं सारजाबाई. साडेआठला संस्थेत. सारजाबाई माझ्यापुढं थांबून म्हणाली, "बघ. तेल न्हाई, पेट्रोल न्हाई, गार्ड न्हाई."

विठ्ठलराव म्हणाले, "पण आज सुग्रीवानं दूध आणलं नाही. अट मोडली."

सारजाबाई कॅन खाली ठेवून उभी राहिली. "तुमची अट पुन्ना आठवा. दूध नवाच्या आत पोचलं पायजे, येवढीच हाय. कशावर, ते न्हाई. उंद्या विमानातनं टाकलं तरी अट पुरी झाली."

विठ्ठलरावांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मुद्दा ग्राह्य."

मग मी जीपच्या कॅरिअरचे पाईप मागितले. मोडकी जीप संस्थेच्या मागं लिंबाखाली उभी आहे. वर सामान बांधायचं कॅरिअर, पातळ पाईपचं. विठ्ठलराव म्हणाले, संस्थेची मालमत्ता अशी देता येत नाही, ठराव पाहिजे. सभासद सगळे हजरच होते. तिथंच सतरंजी पडली. सत्यभामेनं वही उघडली. विषय क्रमांक एक, बंद जीपवरील कॅरिअरचे पाईप दूध वाहतुकीच्या गाडीस देणेबाबत. सूचक सारजाबाई, अनुमोदक चंद्रभागाबाई.

तेवढ्यात संस्थेशेजारी राहणारे मोहनराव उठले. "माझा विरोध आहे."

"कावून?"

"कॅरिअरवर माझी कोंबडी अंड्यावर बसली आहे."

सगळी सभा उठून जीपकडं गेली. खरंच बसली होती. सभेकडं बघून तिनं पिसं फुगवली. पाऊण तास चर्चा झाली. कुणी म्हणालं कोंबडी हलवा, मोहनराव म्हणाले हलवली तर अंडी सोडंल. कुणी म्हणालं एकवीस दिवस ठराव तहकूब करा. शेवटी सत्यभामाच वहीतून मान वर न करता म्हणाली, "कोंबडी पुढच्या अर्ध्यावर बसली हाय. ठरावात 'मागील अर्धे' असं घालू का?"

टाळ्या. मंजूर. कोंबडी सोडून एकमतानं.

दुपारी पाईप कापून आणले. पाईप नुसता तापवून वाकवला तर चेपतो, म्हणून आत कोरडी वाळू ठासून दोन्ही तोंडांना लाकडाची बुचं मारावी लागतात. नदीत औंदा पाणी नाही, पण वाळू मागंल तेवढी. हरिबानं चिरलेल्या कानात एमसील भरलं, मग भट्टी पेटवली, बाभळीच्या बुंध्याला टेकवून मी वाकवला. बेळगावच्या मशीनवर इतका गोल कधी आला नव्हता. इंजिनाला या वेळी स्पर्शच नाही. खाली चौकटीला दोन पट्ट्या, वर दोन पट्ट्या, आणि पट्टीच्या आत आबानं वळलेली लोकरीची दोरी. हातानं हलवला तर दोन बोटं हलतो.

बांधून झाल्यावर आबा म्हणाला, "आता पाड."

"काय?"

"बैल घेताना चालवून बघतेत. हे पाडून बघायचं."

माझी छाती होईना. आबानंच डावा हात टाकीला लावला आणि ढकललं. सगळी वाडी खळ्यावर उभी. गाडी पडली. माय किंचाळली. मी डोळे मिटले. उघडले तर गार्ड तीन बोटं आत दबलेला, आणि खाली तेलाचा थेंब नाही. खालच्या जागेवर हात फिरवून बघितला, कोरडी माती.

"वाकला!" मी ओरडलो. "वाकला, वाकला!" आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. कालच 'वाकला न्हाई' म्हणून मीच डोंगरात ओरडलो होतो.

११ मार्च

दोन दिवस सुरळीत गेले म्हणून लिहिलं नाही. आज घोडउडीला परत पडलो. या वेळी उजव्या कुशीवर. गार्ड दबला, कॅन दोरातून घसरून बाजूला बसले, गाडी तशीच पडून राहिली. मी तिच्याकडं बघत दगडावर बसलो आणि हसलो. उचलली. बटण दाबलं. सुरू! नवाला वीस कमी असताना संस्थेत.

घरी येऊन हातोडीनं गार्ड सरळ करायला घेतला तर आबानं हातोडी काढून घेतली. "राहू दे. त्यानं खाल्लेला मार हाय तो. दिसू दे."

१२ मार्च

आठवा दिवस. सकाळी गाडी काढली तर आबा घोंगडी घेऊन मागं बसला. विचारलं नाही, सांगितलं नाही. म्हणाला, "चल, हरणीची वाट तुला नीट दाखवतो." वर जाईपर्यंत माझ्या कानात सूचना. इथं डावीकडनं घे, इथं तिला श्वास घेऊ दे, इथं हरणी नेहमी थांबायची. मीही थांबलो. उतरताना घोडउडीला आबा म्हणाला, दगडाच्या उजव्या खांद्यावरनं तिरपं उतर. दोन वर्षं हरणी तशीच उतरत होती. मी उतरलो. पाय टेकावा लागला नाही. आठ दिवस मी पाय घासत होतो आणि वाट घरातच बसून विडी ओढत होती.

त्याआधी वरून निघताना सारजाबाईनं आबाला विचारलं होतं, "कसं हाय तुजं नवं तट्टू?"

"चोवीस घोडी हाईत म्हणं," आबा म्हणाला. "पर येकीलाबी वाट ठावकी न्हाई."

संस्थेत साडेआठला पोचलो. विठ्ठलराव उभे राहिले, माझ्याशी हात मिळवला, आणि परत बसून कागदासारखं म्हणाले, "उद्यापासून नियमित." मी बाहेर येऊन आधी आण्णांना फोन केला. ते म्हणाले, "मशीन रडंल रे." मग म्हणाले, वाकणाऱ्या गार्डचं माप पाठव, आता गिऱ्हाइकाला तोच देतो, मग ते जाड मागो नाहीतर लठ्ठ.

जाड गार्ड मायनं ठेवून घेतलाय. तो दारात उलटा ठेवला की बरोबर चार हंडे बसतात. पाण्याचा टँकर आला की पोरं धक्काबुक्की करतात, दोनदा हंडे कलंडले होते. आता माय शेजारणींना सांगते, माझ्या सुग्रीवानं बेळगावहून घडवंची करून आणली, बिलकूल हलत न्हाई.

एक गोष्ट मात्र मला कळली नाही. दूध मापून झाल्यावर सत्यभामा म्हणाली, "आज घड्याळ पुसायची पाळी आली न्हाई."

मी म्हटलं, "रोज पुसू बी नगंस. तू पुसलंस की ते मागं पडतंय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग वही मिटली आणि म्हणाली, "मी आता वरच जाणार हाय. रिकामे कॅन वर न्यायला तू जाशील ना? मंग मलाबी घेऊन चल."

मी म्हटलं, नेतो की, पण मागं कॅन आहेत, तुला कॅन धरून बसावं लागंल. म्हणाली, धरीन.

घरी येऊन हे सगळं आबाला सांगितलं. घड्याळ, मोबाईलचा बिघडलेला टाइम, स्टूल, सगळं. आबानं हातातली विडी विझवली. मग इतका हसला की त्याला ठसका लागला, मायनं येऊन पाठ चोळली. डोळे पुसत तो हरणीकडं वळून म्हणाला, "आयकलंस का गं? ह्याला गार्ड कळाया आठ दिवस लागले. हे कळाया किती लागत्यात, बघत राहू आपुन."